पोर्शे ९११: पहिला गिअर जागेवरून का हलला?

चाकोरी

१९७१ च्या मॉडेलपर्यंतच्या पाच गिअरांच्या पोर्शे ९११ मध्ये पहिला गिअर डावीकडे मागे असायचा आणि त्याच्या समोर, डावीकडे पुढे, रिव्हर्स. दुसरा-तिसरा मधल्या ओळीत, चौथा-पाचवा उजवीकडच्या ओळीत. या मांडणीला डॉगलेग म्हणतात. १९७२ च्या मॉडेलपासून दांड्याचा सगळा नकाशाच बदलला. पहिला डावीकडे पुढे, त्याच्या मागे दुसरा, मध्ये तिसरा-चौथा, उजवीकडे पुढे पाचवा आणि पाचव्याच्या मागे रिव्हर्स.

हे का केलं, याचं हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'शहरात चालवायला सोपं जावं म्हणून'. मला ते अपुरं वाटतं. मी पुण्याजवळ गिअर डिझाइनमध्ये काम करतो, आणि या प्रश्नाकडे दांड्याच्या बाजूने बघण्याऐवजी गिअरबॉक्सच्या पोटातून बघावं असं माझं ठाम मत आहे. दांडा कुठे जातो हे बऱ्याच अंशी आत कुठला गिअर कुठल्या गिअरशेजारी बसवलाय त्यावर ठरतं. एका स्लीव्हच्या, म्हणजे सरकून गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या बाहीच्या, दोन बाजूंना जे दोन गिअर असतात, तेच दांड्याच्या एका ओळीत समोरासमोर येतात.

जुन्या गिअरबॉक्सचं नाव ९०१. मुळात गाडीचंच नाव ९०१ होतं. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती त्याच नावाने मांडली, पण मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला आणि गाडी ९११ झाली. गिअरबॉक्सला मात्र ९०१ हेच नाव चिकटून राहिलं. त्या पहिल्या ९११ चं इंजिन १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती, टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) १७४ न्यूटन-मीटर.

या ९०१ मध्ये मुख्य केसिंग, तिच्या पुढे बेअरिंग धरणारी एक मधली प्लेट आणि प्लेटच्याही पुढे एक कव्हर अशी रचना आहे. दुसरा ते पाचवा हे चार गिअर मुख्य केसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगांच्या दरम्यान. पहिला आणि रिव्हर्स प्लेटच्या पलीकडे, कव्हरमध्ये. म्हणजे पहिला गिअर घराच्या भिंतीबाहेर काढलेल्या छज्जासारखा शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावर आहे.

आता दातांवरचा जोर बघा. इंजिनचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये जवळपास तिपटीने वाढतो. सर्वांत जास्त जोर खाणारा गिअर सर्वांत कमी आधाराच्या जागी! शाफ्ट किंचित वाकतो, दात एकमेकांपासून किंचित दूर सरकतात, आणि दाताच्या पूर्ण रुंदीवर जो भार पसरायला हवा तो एका कडेवर येतो. १७४ न्यूटन-मीटरला हे चालून जातं.

१९७२ च्या मॉडेलला इंजिन २३४१ सीसीचं झालं. पिस्टनचा स्ट्रोक ६६ मिलिमीटरवरून ७०.४ केला, कॉम्प्रेशन कमी केलं म्हणजे साधं पेट्रोल चालेल. ९११ एस या जास्त ताकदीच्या आवृत्तीची ताकद १९० अश्वशक्ती आणि टॉर्क २१६ न्यूटन-मीटर झाला. शिवाय इंजिन याहून मोठं होत जाणार हे पोर्शेच्या लोकांना दिसतच होतं. पुढच्याच वर्षी कॅरेरा आरएस २.७ आली, २५५ न्यूटन-मीटरची.

म्हणून नवा गिअरबॉक्स आला, ९१५. यात पहिला गिअर मुख्य केसिंगमध्ये घेतला आणि कव्हरमध्ये पाचवा आणि रिव्हर्स पाठवले. पाचव्यात गुणोत्तर एकच्याही खाली असतं, म्हणजे टॉर्क वाढत नाही, दातांवर जोर कमी, त्याला छज्जा परवडतो. मग जोड्या आपोआप बदलल्या: १-२, ३-४, ५-रिव्हर्स. दांड्याचा नकाशा त्या जोड्यांच्या मागोमाग आला.

हे माझं म्हणणं. तुमचं काय मत आहे ते वाचायला आवडेल.

वैशाली_ना

छान लिहिलंय. गाड्यांमधलं फार कळत नाही तरी छज्जावरून लगेच समजलं. प्रश्न असा की, १९६३ मध्येही हीच मंडळी हुशार होती ना? मग तेव्हा पहिला गिअर बाहेर का ठेवला?

घाटमाथा

वैशालीताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. मी तेच विचारणार होतो.

चाकोरी, तुमचं यंत्राचं विश्लेषण मान्य. पण कारण आणि परिणाम यांची तुम्ही अदलाबदल केलीत असं मला वाटतं. १९६३ ला त्यांनी पहिला बाहेर ठेवला कारण पाच गिअरांची ९११ घेणारा माणूस शर्यतीच्या मनोवृत्तीचा असेल असं धरलं होतं. शर्यतीत पहिला गिअर एकदाच लागतो, सुटताना. त्यानंतर दोन-तीन, तीन-दोन हीच ये-जा सतत. डॉगलेगमध्ये ती एका सरळ रेषेत होते. घाईत हात चुकायला जागाच नाही. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती.

सत्तरच्या आसपास गिऱ्हाईक बदललं. अमेरिका ही पोर्शेची मोठी बाजारपेठ झाली होती. तिथला माणूस ऑफिसला ९११ घेऊन जातो, सिग्नलला थांबतो, पहिला टाकतो, दुसरा टाकतो, परत थांबतो. डॉगलेगमध्ये पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा पुढे, उजवीकडे, परत पुढे असा न्यावा लागतो, आणि उजवीकडे ढकलायला जरा उशीर झाला की समोर रिव्हर्स. हे दिवसभर कोण सहन करेल?

टॉर्क वाढला म्हणून गिअर रुंद करता आले असते, बेअरिंग मोठं करता आलं असतं, आणि नकाशा तोच ठेवता आला असता. नकाशा बदलायचा निर्णय गिऱ्हाइकासाठीच होता.

चाकोरी

वैशालीताईंच्या प्रश्नाला घाटमाथांनी दिलेलं उत्तर मला पूर्ण मान्य आहे. १९६३ ला डॉगलेग शर्यतीच्या विचारातूनच आला.

१९७२ च्या बाबतीत मात्र एक गाडी विसरू नका: ९१४. मधे इंजिन असलेली, दोन माणसांची. तिच्यात ९०१ घराण्याचाच गिअरबॉक्स होता, पहिला डावीकडे मागे. ९११ चा नकाशा १९७२ ला बदलला, पण ९१४ चा १९७६ ला गाडी बंद होईपर्यंत तसाच राहिला. १९७३ ला त्यांनी तिच्या दांड्याची जोडणी बदलली, ती आधी गिअरबॉक्सच्या शेपटाकडून होती ती बाजूने केली. म्हणजे हात घातलाच होता. तरीही पहिला गिअर हलवला नाही.

आणि ९१४ सर्वांत जास्त विकली गेली ती अमेरिकेतच! त्याच सिग्नलवर, त्याच गिऱ्हाइकाला. सोय हेच मुख्य कारण असतं तर स्वस्त गाडीच्या नवशिक्या गिऱ्हाइकाला ती आधी मिळायला हवी होती. फरक एवढाच की बहुतेक ९१४ मध्ये चार सिलिंडरचं इंजिन होतं, टॉर्क कमी, जुना गिअरबॉक्स पुरेसा होता.

घाटमाथा

९१४ चा मुद्दा जोरदार आहे, मानतो. आता माझीही एक गाडी घ्या: ९२८.

१९७७ ला आली. पुढे ४.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, २४० अश्वशक्ती, गिअरबॉक्स मागे. टॉर्क तर ९११ एसच्या कितीतरी पुढे. आणि तिच्या पाच गिअरांच्या मॅन्युअलमध्ये पहिला कुठे? डावीकडे मागे. डॉगलेग! म्हणजे ९११ मधून काढून पाच वर्षांनी त्याच कंपनीने तो परत आणला, आणि तोही जास्त टॉर्कच्या गाडीत. टॉर्कमुळे डॉगलेग जातो हे म्हणणं इथे टिकत नाही.

चाकोरी

टिकतं, थोडं सुधारून. ९२८ चा गिअरबॉक्स कोऱ्या कागदावर, त्या इंजिनाचा टॉर्क समोर ठेवूनच काढला होता. सुरुवातीपासून तेवढा मजबूत करायचं ठरवलं तर पहिला गिअर कुठेही बसवता येतो. ९०१ मात्र १७४ न्यूटन-मीटरसाठी काढलेला होता आणि त्याला २१६, २५५ करत ताणत नेणं शक्य नव्हतं.

तर मी असं मांडतो: नवा गिअरबॉक्स *करायलाच हवा* हे टॉर्कने ठरवलं. एकदा नवा करायचाच म्हटल्यावर जोड्या कशा लावायच्या याला मोकळीक होती, आणि तिथे तुमचं गिऱ्हाईक आलं. ही तडजोड मान्य आहे का?

घाटमाथा

पहिलं वाक्य मान्य. दुसऱ्यात गिऱ्हाइकाचं वजन तुम्ही अजून कमी धरताय, पण जवळ आलोत.

वैशाली_ना

दोघांनाही वाचताना मजा येतेय. मध्येच एक विचारते. जुन्या ९११ वाल्यांचं कुठेही वाचलं तरी एक वाक्य असतंच, 'गिअर घाईने टाकू नका'. स्पोर्ट्स कार असून घाई नको? हा ९१५ चा दोष आहे का?

जुना_एसटीवाला

ताई, याचं उत्तर द्यायला मला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत नोकरी केली. आमच्या जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नव्हतं. घाटात खालचा गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर मारून आतल्या शाफ्टचा वेग वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. याला डबल क्लच म्हणत. हुशार ड्रायव्हर खंबाटकीला हे असं करायचा की मागच्या बाकावरच्या म्हातारीची झोप मोडत नसे. नवीन माणूस आला की सगळा बाजार ऐकेल अशी करकर.

हे का करावं लागतं? गिअरचा वेग आणि ज्याच्याशी तो जोडायचा त्या स्लीव्हचा वेग सारखे झाल्याशिवाय दात एकमेकांत बसत नाहीत. सिंक्रो म्हणजे हे वेग घर्षणाने सारखे करून देणारी रिंग. ड्रायव्हरचं काम ती करते.

पोर्शेची रिंग वेगळी होती, ती मी वाचून आणि एका ओळखीच्याकडे उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये बघून समजून घेतली. गिअरच्या दातांशेजारी एका ठिकाणी कापलेली स्टीलची रिंग असते, वर मॉलिब्डेनमचा थर. तिच्या आत छोट्या पट्ट्या. स्लीव्ह या रिंगवर चढायला लागली की घर्षणाने रिंग ओढली जाते, आतल्या पट्ट्या तिला बाहेर ढकलतात आणि रिंग फुगते. वेगात फरक आहे तोवर ती फुगलेली राहते आणि स्लीव्हला अडवते. वेग सारखे झाले की रिंग आपसूक आवळते आणि स्लीव्ह पुढे जाऊन दातांत बसते.

फार सुंदर कल्पना आहे. दमदार आहे. १९५२ पासून ९११ च्या आधीच्या ३५६ या गाडीत ही रिंग होती, त्याआधीच्या ३५६ मध्ये फोक्सवॅगनचा बिनसिंक्रोचा गिअरबॉक्स होता. आल्फा रोमिओनेही हीच पद्धत घेतली होती. तुम्ही दांड्यावर जोर लावला तर ती तुमच्याशी भांडते. एक क्षण द्या, ती स्वतः वाट देते. म्हणून 'घाई नको'.

बे_एरियाकर

काका, अप्रतिम समजावलंत. माझ्याकडे १९८२ ची ९११ एससी आहे, ९१५ वाली, म्हणून हातचा अनुभव लिहितो.

थंड असताना दुसरा गिअर नाखूश असतो. गाडी काढल्यावर तेल कोमट होईपर्यंत मी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना न्यूट्रलमध्ये किंचित थांबतो. दांडा बोटांनी दुसऱ्याच्या तोंडाशी नेऊन टेकवायचा आणि हलका दाब ठेवायचा. तो आत ओढून घेतल्यासारखा जातो. तळहाताने ढकलला तर अडतो, आणि आणखी ढकलला तर करकरतो. त्या करकरीत रिंग झिजते. रिव्हर्स टाकण्याआधी मी नेहमी एखादा पुढचा गिअर टाकून शाफ्ट थांबवून घेतो.

पण एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण या गिअरबॉक्सची विनाकारण बदनामी झाली आहे. ९११ मध्ये दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे. दोघांमध्ये गाडीच्या तळातल्या बोगद्यातून जाणारा लांब रॉड, आणि रॉडच्या टोकाला जोडणी, तिच्यात प्लास्टिकची बुशिंग, म्हणजे जोड घट्ट धरणारे छोटे तुकडे. ही बुशिंग चाळीस वर्षांत भुगा झालेली असतात. दांडा खिचडीतल्या पळीसारखा ढिला फिरतो आणि मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला. बुशिंग बदलून, रॉडची जुळणी करून, क्लचची केबल नीट ताणून घेतली की निम्म्या गाड्या सुधारतील असं माझं मत आहे. माझी सुधारली.

आणि तेल. फार निसरडं आधुनिक तेल घातलं तर रिंगला घर्षणच मिळत नाही आणि वेग सारखे व्हायला उशीर लागतो. या रिंगेला चालणारं तेल कुठलं ते बघूनच भरा.

वैशाली_ना

म्हणजे दोष नाही, स्वभाव आहे. मग पोर्शेने ही रिंग सोडली की अजून तीच आहे?

जुना_एसटीवाला

सोडली. १९८७ ला. ती गोष्ट कोणी तरी नीट लिहा, मला गिअरबॉक्सचं नाव एवढंच माहीत आहे, जी५०.

नेकारकाठ

मी लिहितो. राहायला श्टुटगार्टला आहे आणि कामही याच क्षेत्रात, म्हणून हा विषय जवळचा आहे.

१९८४ च्या मॉडेलला ९११ कॅरेरा ३.२ लिटरच्या इंजिनाची आली. २३१ अश्वशक्ती, २८४ न्यूटन-मीटर. ९१५ ज्या इंजिनासाठी काढला होता त्याच्यापेक्षा टॉर्क जवळपास तिसऱ्या हिश्श्याने जास्त. चाकोरींनी ९०१ बद्दल जी गोष्ट सांगितली तीच इथे पुन्हा घडली. १९८७ च्या मॉडेलपासून जी५० आला. हा गेट्राग या गिअरबॉक्सच्या कंपनीने बनवला. गेट्राग मूळची लुडविग्सबुर्गची, म्हणजे पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यापासून अगदी जवळची.

यात पोर्शेने स्वतःची रिंग सोडून बोर्ग-वॉर्नर या कंपनीच्या पद्धतीची घेतली. फरक समजून घ्यायला सोपा आहे. पोर्शेच्या रिंगेत ज्या पृष्ठभागावर घर्षण होतं त्याच्याचवरून स्लीव्ह प्रत्येक वेळी पुढे सरकते. वेग जुळवणं आणि वाट अडवणं ही दोन्ही कामं एकाच जागी. बोर्ग-वॉर्नरमध्ये घर्षण आतल्या शंकूवर होतं, आणि वाट अडवायला रिंगेच्या कडेला वेगळे दात असतात. वेग जुळले की रिंग किंचित फिरते आणि दात स्लीव्हला वाट देतात. कामं वाटली गेली, म्हणून हाताला हलकं लागतं आणि घाई केली तरी ते निभावून नेतं.

बाकीही पुष्कळ बदललं. क्लचची केबल जाऊन हायड्रॉलिक क्लच आला, क्लचची प्लेट २२५ वरून २४० मिलिमीटरची झाली. रिव्हर्स पाचव्याच्या मागून उचलून डावीकडे पुढे, पहिल्याच्या शेजारी नेला. आणि गिअरबॉक्स इतका थोराड की मागच्या टॉर्शन बारची (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची) आडवी नळी त्याच्यासाठी बदलावी लागली. नुसता गिअरबॉक्स बदलण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला हात घातला, यावरून गरज किती होती ते कळतं.

म्हणून १९८७ ते १९८९ च्या कॅरेरांना आज जुन्या गाड्यांच्या बाजारात वेगळा मान आहे. दिसायला १९८६ चीच गाडी, पण दांडा हातात घेतला की फरक लगेच जाणवतो.

घाटमाथा

९११ टर्बोचं काय? ती तर १९७५ पासून होती. ३४३ न्यूटन-मीटर. तिला ९१५ कसा पुरला?

नेकारकाठ

पुरलाच नाही. तिच्यासाठी वेगळा गिअरबॉक्स केला आणि तो *चार* गिअरांचा. गिअर रुंद केले की तेवढ्या लांबीत पाच मावत नाहीत. पोर्शेचं म्हणणं असायचं की एवढा टॉर्क असताना पाचव्याची गरजच नाही. १९७८ ला ३.३ लिटर, ३०० अश्वशक्ती आणि ४१२ न्यूटन-मीटर झाली तरी चारच. पाचवा गिअर टर्बोला मिळाला तो १९८९ मध्ये, जी५० च्या मजबूत आवृत्तीतून, आणि त्याच वर्षी ती गाडी बंद झाली.

खरं सांगायचं तर टर्बो हाच चाकोरींच्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. पोर्शेची सर्वांत महाग ९११, आणि तिला स्वस्त ९११ पेक्षा एक गिअर कमी. हे गिऱ्हाइकाने मागितलं असेल का? दातांनी ठरवलं.

चाकोरी

अगदी हेच. मी टर्बो लिहायची राहूनच गेली होती, तुम्ही माझ्यापेक्षा चांगली मांडलीत.

घाटमाथा

इथे माझ्याकडे उत्तर नाही. टर्बोचे चार गिअर टॉर्कनेच ठरवले.

मात्र जी५० नंतरच्या काळात उलटं होत गेलं असं मला दिसतं. सात गिअरांचा मॅन्युअल आला तो टॉर्कमुळे नक्कीच नाही.

वैशाली_ना

सात? मॅन्युअलमध्ये?

नेकारकाठ

हो. २०११ ला ९९१ पिढीची ९११ आली तेव्हा. सर्वसाधारण विक्रीच्या गाडीत सात गिअरांचा मॅन्युअल हा जगात पहिलाच.

मधला प्रवास भरभर सांगतो. ९९३ पिढीला सहा गिअर मिळाले. त्यानंतरच्या ९९६ पासून रॉड जाऊन केबल आली, बे_एरियाकरांचं बुशिंगचं दुखणं तिथे संपलं. २००८ ला ९९७ मध्ये पीडीके आला, दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा, सात गिअरांचा. कल्पना जुनी, ऐंशीच्या दशकात पोर्शेने ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत ती पळवली होती. रस्त्यावरच्या गाडीसाठीचा पीडीके झेडएफ या कंपनीने बनवला.

आता कंपनीचा विचार करा. बहुतेक गिऱ्हाइकं पीडीके घेऊ लागली. मॅन्युअलसाठी संपूर्ण वेगळा गिअरबॉक्स ठेवणं महाग. म्हणून ९९१ चा मॅन्युअल पीडीकेच्याच घटकांवर उभा केला. पीडीकेत सात गिअर, म्हणून मॅन्युअललाही सात. सातवा लांब, महामार्गावर इंजिन सावकाश फिरावं आणि पेट्रोल कमी जळावं म्हणून. गाडी सर्वाधिक वेग गाठते ती सहाव्यातच.

यात यंत्राची एक अडचण होती आणि ती सोडवायची पद्धत मला फार आवडते. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका शाफ्टवर, सम दुसऱ्यावर. म्हणजे पहिला आणि दुसरा एका स्लीव्हच्या दोन बाजूंना नसतातच. चाकोरींनी सुरुवातीला सांगितलेला नियम, की एका स्लीव्हचे दोन गिअर दांड्याच्या एका ओळीत येतात, तो इथे मोडतो. मग माणसाच्या हाताला १-२, ३-४ अशी सवयीची मांडणी द्यायची कशी? त्यांनी मध्ये एक यांत्रिक जुळणी घातली. दांडा नेहमीसारखा हलतो आणि ती जुळणी ती हालचाल आतल्या योग्य स्लीव्हपर्यंत पोहोचवते.

आणि सातव्याला कुलूप. पाचव्यात किंवा सहाव्यात असाल तरच सातवा मिळतो. नाहीतर चौथ्यातून पाचवा टाकताना हात चुकून आणखी उजवीकडे, सातव्यात गेला असता.

चाकोरी

हे वाचून माझा सगळा युक्तिवाद एका नव्या वळणावर आला. १९७२ ला आतले गिअर हलले आणि दांडा त्यांच्या मागे गेला. २०११ ला आतले गिअर हाताच्या सवयीशी जुळत नव्हते तरी दांड्याचा नकाशा हलू दिला नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा घातली. म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत १-२, ३-४ ही मांडणी इतकी पक्की झाली की कोणी तिला हात लावेना. घाटमाथा, इथे तुमच्या गिऱ्हाइकाने ठरवलं.

घाटमाथा

धन्यवाद. आणि पुढची घटना तर निखळ गिऱ्हाइकाचीच आहे. २०१३ ला ९९१ ची जीटी३ आली ती फक्त पीडीकेत, ४७५ अश्वशक्ती. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: पीडीके वेगवान आहे, जीटी३ ट्रॅकची गाडी आहे, प्रश्न मिटला. घड्याळाच्या हिशेबाने ते बरोबरही होतं. पण जीटी३ घेणारा माणूस चिडला. त्याला गिअर स्वतःच्या हाताने टाकायचा होता, थोडा वेळ गेला तरी चालेल.

२०१५ ला पोर्शेचीच ९११ पेक्षा धाकटी केमन जीटी४ आली, फक्त मॅन्युअल. २०१६ ला ९११ आर आली, ५०० अश्वशक्ती, सहा गिअरांचा मॅन्युअल, एकूण संख्याही पिढीच्या आकड्याइतकीच, ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या आणि मूळ किमतीच्या कितीतरी वर परत विकल्या जाऊ लागल्या. २०१७ ला जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आला. सातचा नव्हे, सहाचा.

बे_एरियाकर

सात आणि सहा यातला फरक मी दोन्ही चालवून सांगतो. सातवाल्या ९९१ मध्ये दांडा उजवीकडे नेताना चौथा की सहावा याचा एक क्षणभर विचार पडतो, कारण ओळी चार आहेत. सहाच्या जीटीमध्ये हात विचार न करता जातो. हा माझ्यासाठी अश्वशक्तीपेक्षा मोठा मुद्दा आहे.

वैशाली_ना

मग साध्या ९११ मध्ये अजून सातच आहेत?

नेकारकाठ

नाही. ९९२ पिढीच्या सुरुवातीच्या मॅन्युअलमध्ये सात होते, २०२२ ला आलेल्या कॅरेरा टी मध्येही. २०२३ च्या ९११ एस/टी मध्ये सहा, आखूड गुणोत्तरांचे, हलका क्लच, एकूण १९६३ गाड्या, पहिल्या ९११ च्या सालाइतक्या. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात नवी कॅरेरा टी आली तिच्यात फक्त मॅन्युअल, सहा गिअरांचा, दांड्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ. सातवा गेला.

चाकोरी

माझ्या मते याचं कारण पुन्हा पोटात आहे. सात गिअरांचा मॅन्युअल पीडीकेचा भाऊ म्हणून जन्मला होता. ९९२ ला पीडीकेच आठ गिअरांचा झाला. आता मॅन्युअल घेणारा माणूस मोजका, पण त्याला नेमकं काय हवंय ते कंपनीला कळलंय. लांब सातवा त्याच्या कामाचा नाही.

घाटमाथा

शेवटी गिऱ्हाइकावर आलातच. पण ९२८ चं उत्तर मला अजून हवंय. '९२८ कोऱ्या कागदावर काढली' याने डॉगलेग *चालला* हे कळतं, तो *निवडला* का हे नाही. ती काही शर्यतीची गाडी नव्हती, लांब पल्ल्याची ऐसपैस गाडी होती.

जुना_एसटीवाला

माझा अंदाज सांगू का? मोठ्या व्ही-८ ला सुटायला दुसराही पुरतो, आमच्या रिकाम्या गाड्यासुद्धा सपाटीला दुसऱ्यातच उचलत. मग रोजची ये-जा दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा यांतच, आणि त्या दोन्ही जोड्या डॉगलेगमध्ये सरळ रेषेत येतात. पहिला हा चढासाठी बाजूला ठेवलेला गिअर.

घाटमाथा

काका, हे मला पटण्याजोगं वाटतं. कोणी ९२८ मॅन्युअल रोज चालवत असेल तर पहिला किती वेळा लागतो ते इथे लिहा.